काम गेलं आणि वेळही गेला

1931 सालच्या हिवाळ्यात मारीएनताल गावात एका खिडकीआड, हातात घड्याळ घेऊन एक संशोधक बसलेला असे. दुपारची वेळ, खाली गावाचा मुख्य रस्ता. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना कोण किती वेळा थांबतं आणि कोणाला किती वेळ लागतो, याची तो नोंद करत होता. शंभर माणसांच्या नोंदी झाल्या: 68 पुरुष, 32 बायका. तेवढ्याशा अंतरात तीन किंवा त्याहून जास्त वेळा थांबलेले पुरुष 39 होते, बायका फक्त तीन. एकदाही न थांबता गेलेले पुरुष अवघे सहा, तर बायका बारा. मग काही अंतर न थांबता चालणाऱ्यांचा वेग मोजला. 33 पुरुषांपैकी 18 जण अगदी संथ गतीने चालत होते. धडधाकट, कालपरवापर्यंत गिरणीत काम करणारी ही माणसं. बायकांमध्ये मात्र निम्म्याहून जास्त जणी झपझप जात होत्या.

गाव एकच, रस्ता एकच, हवा तीच. तरी पुरुषांचे पाय जड झाले होते आणि बायकांचे नव्हते. समाजशास्त्राच्या इतिहासात इतक्या साध्या साधनाने इतकं मोठं काही हाती लागल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. या चालीमागे काय होतं हे कळायचं तर आधी गावाची ओळख करून घ्यायला हवी.

मारीएनताल हे ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवरचं, फिशा नदीकाठचं गाव. मोठ्या ग्रामाटनॉयझीडल गावाचाच तो एक भाग. 1830 मध्ये हेर्मान टोडेस्को या उद्योजकाने तिथे कापडाची गिरणी उभारली आणि गिरणीभोवती वस्ती झाली. चाळीसारखी लांबट घरं गिरणीची, बाग गिरणीची, दिवसाचा ठेका गिरणीच्या भोंग्याचा. बायकाही गिरणीत जात. संध्याकाळी नाटक मंडळी, फुटबॉल, वाचनालय, कामगार पक्षाच्या बैठका असं सगळं जोरात चाले. 1929 च्या मध्यावर कताईखातं बंद झालं, मग छपाई, मग धुलाई, आणि 1930 च्या फेब्रुवारीत विणकामही थांबलं. पुढे यंत्रं निघाली, इमारती पाडायला सुरुवात झाली. घराच्या खिडकीतून दिसायचा तो आपल्याच गिरणीचा मलबा. गावात 478 कुटुंबं होती, माणसं 1486. जवळपास तीन-चतुर्थांश कुटुंबांत एकाही माणसाला काम उरलं नव्हतं.

एखाद्या शहरात बेकार माणूस नोकरदारांच्या गर्दीत मिसळून जातो. इथे सगळं गावच एकदम बेकार झालं होतं. त्यामुळे बेकारी माणसाचं काय करते हे जवळून पाहता येणार होतं.

ते पाहायला आले ते व्हिएन्नातले तरुण. पाउल लाझार्सफेल्ड तिशीचा, गणिताचा माणूस. मारी याहोदा चोविशीची, मानसशास्त्र शिकणारी. हान्स त्साइझेल पंचविशीच्या आसपासचा, कायद्याचा पदवीधर. तिघेही समाजवादी चळवळीत वाढलेले. त्यांनी व्हिएन्नात कार्ल आणि शार्लोट ब्यूलर या प्राध्यापक दांपत्याच्या आधाराने एक छोटं संशोधन केंद्र काढलं होतं. लाझार्सफेल्डच्या मनात कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करायचं होतं. तो बेत घेऊन तो पक्षाचे नेते ओटो बावर यांच्याकडे गेला. 1931 च्याच मे महिन्यात ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी बँक कोसळली होती, कारखाने धडाधड बंद पडत होते. अशा वेळी फुरसतीचा अभ्यास करायचा म्हणजे कमालच, असं बावर यांनी त्याला सुनावलं. अभ्यास करायचाच तर बेकारीचा करा म्हणाले, आणि मारीएनतालचं नाव सुचवलं.

त्यांनी कामाची जी रीत ठरवली ती मला आजही त्यांनी या अभ्यासावर लिहिलेल्या पुस्तकातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. वही-पेन्सिल घेऊन गावात हिंडायचं, दुसऱ्यांच्या घरातली हलाखी टिपायची आणि परत जायचं, हे त्यांनी आधीच बाद केलं. नियम असा केला की गावात जो कोणी जाईल त्याने गावाच्या उपयोगाचं काहीतरी काम केलंच पाहिजे. मग व्हिएन्नातून जुने कपडे जमवले. लोटे डान्त्सिंगर ही त्यांची सहकारी सहा आठवडे गावातच राहिली आणि तिने शंभर घरी जाऊन कोणाला काय हवं ते विचारलं. कोट हवा की बूट, मुलाचा की बापाचा, असं बोलता बोलता घरची सगळी कहाणी निघायची. डॉक्टरांची मोफत तपासणी सुरू केली. कपडे बेतायचा वर्ग काढला, मुलींसाठी व्यायामाचा वर्ग काढला. गावकऱ्यांना हे लोक मदतीला आलेले दिसत होते, आणि ते खरंच मदतीला आले होते.

त्या सगळ्यातून सुमारे तीस किलो वजनाचे कागद जमले. घराघरांची टिपणं, जेवणाच्या नोंदी, मुलांचे निबंध, वाचनालयाची वही, दुकानाचा हिशेब, पोलीस चौकीतल्या तक्रारी. चाळीसएक कुटुंबांनी आठवडाभर रोज काय शिजलं ते लिहून दिलं. बऱ्याच घरी रात्रीचं जेवण म्हणजे कॉफी आणि पाव. आठवड्यातून एखाद्या दिवशी मांस, तेही पुष्कळदा घोड्याचं. कुत्रं किंवा मांजर नाहीसं झालं तर मालक आता तक्रारही करत नसत. ते कुठे गेलं असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत मुलं मधल्या सुट्टीत खायला काय आणतात हे बेकारभत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. आदल्या दिवशी अनेकांच्या डब्यात कोरडा पाव, काहींकडे तोही नाही. भत्ता मिळाल्यावर मुलांच्या डब्याचं रूप पालटे.

बेकारभत्त्याचे नियमही कडक होते. काही महिन्यांनी भत्ता संपायचा, मग तातडीची मदत मिळायची, आणि तीही संपली की काहीच नाही. मध्ये कुठे चार पैसे किंवा वस्तू मिळवल्याचं कळलं तर भत्ता बंद. जळणाच्या बदल्यात झाडं तोडायला हात लावला म्हणून एकाचा गेला. दूध घरोघर पोचवून स्वतःच्या मुलापुरतं थोडं दूध घेतलं म्हणून एका बाईचा गेला. बाजा वाजवून थोडी नाणी मिळवली म्हणून आणखी एकाचा. मग एकमेकांविरुद्ध निनावी तक्रारी वाढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक खोट्या निघाल्या. गरिबी माणसांना जवळ आणते असं आपण सहज बोलून जातो. पोलीस चौकीतले ते कागद वाचले की असं बोलताना जीभ अडखळते.

पैशाची इतकी ओढाताण असूनही माणसं काटेकोर हिशेबाने वागत नव्हती. भाजीसाठी दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर काहींनी फुलांचे वाफे केले होते. पन्नाशीच्या एका बाईने केस कुरळे करायचा चिमटा हप्त्यांवर घेतला. फिरता विक्रेता व्हेनिसची रंगीत चित्रं घेऊन आला, तर तातडीच्या मदतीवर जगणाऱ्या घरांनीही ती उधारीवर घेतली. वरून पाहणारा याला उधळपट्टी म्हणेल, आणि गरिबांविषयी असं बोलणारे आजही ढिगाने भेटतात. याहोदाने ते तसं वाचलं नाही. रोज पाव-कॉफीचा हिशेब करत जगायचं, तर त्यात कुठेतरी एक वस्तू अशी लागते की जी गरजेची नाही, आणि म्हणूनच ती आपल्याला अजून माणसात ठेवते. मला हे वाचन खरं वाटतं.

मुलांच्या बाबतीत मात्र इच्छाच आखडल्या होत्या. नाताळला काय हवं यावर मुलांना लिहायला सांगितलं आणि त्या वस्तूंची किंमत काढली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांची सरासरी 36 शिलिंग भरली, मारीएनतालच्या मुलांची 12. शिवाय कितीतरी मुलांनी सुरुवातच अशी केली होती, की आईवडिलांकडे पैसे असते तर मला अमुक हवं असतं. मागायच्या आधीच नकार गृहीत धरायला ती मुलं शिकली होती.

आता पुन्हा वेळेकडे येऊ, कारण या अभ्यासाचा गाभा तिथे आहे. गिरणी चालू असताना कामगारांचं स्वप्न होतं मोकळ्या वेळेचं. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून त्यांच्या आधीच्या पिढ्या लढल्या होत्या. आता सगळा दिवस मोकळा होता. वाचनालयाची वर्गणी माफ केलेली होती, मग पुस्तकं जास्त जायला हवी होती. 1929 ते 1931 या दोन वर्षांत ती जवळपास निम्म्यावर आली. कामगारांच्या पक्षाचं दैनिक बेकारांना सवलतीत मिळे, तरी त्याचे वर्गणीदार निम्म्याहून जास्त घटले. करमणुकीचा मजकूर देणारं छोटं दैनिक त्यामानाने टिकलं. नाटक मंडळीत माणसं जमेनात. गावातली मोठी बाग एकेकाळी सगळ्यांच्या अभिमानाची. आता गावात शेकडो रिकामे हात होते, आणि बागेच्या वाटा गवताने भरून गेल्या होत्या.

ऐंशी जणांकडून दिवसाचा तासवार तक्ता भरून घेतला. एका बापाचा तक्ता पाहा. सकाळी उठणं. मग मुलांना शाळेसाठी उठवणं. मग शेडमधून लाकडं आणणं, पाणी आणणं. बायको विचारते आज काय शिजवू, आणि तो प्रश्न टाळायला हा बाहेर पडतो. दहानंतरच्या तासासाठी त्याला लिहायला एवढंच होतं की जेवणाची वेळ होत आली. त्याने काही लपवलं नव्हतं. दिवसात खरोखरच आठवण्यासारखं काही घडत नव्हतं. तक्त्यांत ठळक उरल्या तीनच गोष्टी: उठणं, जेवणं, झोपणं. शंभर पुरुषांपैकी 88 जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतं, आणि या 88 पैकी 31 जणांचं घड्याळ घरी पडून होतं. घेऊन फिरण्याचं कारणच उरलं नव्हतं. दुसरं काही करायला नसूनही जेवायला ते उशिरा यायचे, ही बायकांची नेहमीची तक्रार.

बायकांचा दिवस मात्र भरलेला होता. पहाटे उठून रात्रीपर्यंत स्वयंपाक, धुणं, जुन्या कपड्यातून मुलांचे कपडे शिवणं, चार पैशांत आठवडा बसवणं. पगाराचं काम त्यांचंही गेलं होतं, पण घरकाम कोणी बंद केलं नव्हतं. रस्त्यावर त्या झपझप का चालत होत्या त्याचं उत्तर हे आहे. त्यातही एक गोष्ट मन लावून ऐकण्यासारखी आहे. गिरणीत आठ तास राबून आल्यावर रात्री घर आवरायचं हे कष्ट सोसलेल्या या बायका, तरी अनेकींना परत गिरणीत जायचं होतं, आणि ते केवळ पैशासाठी नाही. गिरणीत माणसं भेटत, घराबाहेरचं जग दिसे. पुरुष घरात बसले म्हणून घरकामाचा वाटा त्यांच्याकडे गेला, असं झालं नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

संशोधकांनी शंभर कुटुंबं निरखून त्यांचे चार गट केले. 16 कुटुंबं अजून ताठ उभी होती: काम शोधत होती, बेत आखत होती. 48 कुटुंबांनी मान तुकवली होती; घर नीटनेटकं, मुलांची काळजी घेतलेली, पण पुढचा विचार बंद. अकरा कुटुंबं हताश, तरी घर सांभाळून होती. उरलेल्या 25 घरांनी हात टेकले होते; तिथे घाण, भांडणं, दारू, आणि कशाचंच काही वाटेनासं झालेलं. मग उत्पन्न तपासलं. मुलांना कमी धरून दर माणशी महिन्याला पहिल्या गटात सरासरी 34 शिलिंग येत होते, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 25, शेवटच्या गटात 19. म्हणजे माणूस उभा राहणार की कोसळणार यातला फरक महिन्याला जेमतेम पंधरा शिलिंगांचा होता. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, जिद्द म्हणतो, त्यातलं बरंचसं त्या शिलिंगांवर उभं होतं. आणि जसजसा भत्ता संपत जाणार, तसतशी घरं एकेका पायरीने खाली उतरणार हेही त्यांना दिसत होतं.

या निष्कर्षाने त्यांच्याच बाजूचे लोक नाराज झाले असणार. समाजवाद्यांमध्ये अनेकांची अपेक्षा होती की बेकारी कामगारांना पेटवेल, रस्त्यावर आणेल. मारीएनतालने सांगितलं की लांबलेली बेकारी माणसाला विझवते. आपल्या पक्षाच्या आशेविरुद्ध जाणारी गोष्ट या तरुणांनी आकड्यांसकट छापली, याचं मोल कमी नाही.

पुस्तक 1933 मध्ये लाइपझिगला छापून झालं तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला होता. लेखकांची नावं ज्यू, म्हणून मुखपृष्ठावर नावंच घातली नाहीत. मजकूर बहुतांशी याहोदाचा, प्रस्तावना लाझार्सफेल्डची, आणि अशा प्रकारच्या पाहण्यांच्या इतिहासावरचं परिशिष्ट त्साइझेलचं. नाझी राजवटीत ते दडपलं गेलं. लाझार्सफेल्ड त्याच वर्षी अमेरिकेला गेला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात पाहणीशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरला. त्साइझेल 1938 मध्ये अमेरिकेला पोचला. याहोदा मागे राहिली. बंदी घातलेल्या समाजवादी चळवळीचं काम भूमिगत राहून करत होती. 1936 मध्ये तिला अटक झाली, आणि 1937 मध्ये देश सोडण्याच्या अटीवर सुटका. ती इंग्लंडला गेली. तिथे तिने वेल्समधल्या बेकार खाणकामगारांसाठी चालवलेल्या एका स्वावलंबन योजनेचा अभ्यास केला, पण त्यातले दोष दाखवणारा आपला अहवाल कित्येक दशकं छापला नाही. योजना काढणाऱ्या गृहस्थांनी तिच्या घरच्यांना व्हिएन्नातून बाहेर पडायला मदत केली होती, आणि अहवालाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर घाव बसला असता. सत्य छापण्याचा आग्रह धरणाऱ्याने असं करावं का, यावर वाद होऊ शकतो. मला तिचं वागणं समजतं.

पन्नास वर्षांनी, 1982 च्या एका पुस्तकात याहोदाने मारीएनतालचा अर्थ नीट मांडला. नोकरी पगार देते हे उघड आहे. पण नकळत ती आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, एकट्याच्या पलीकडचं एखादं उद्दिष्ट, समाजात एक स्थान, आणि हातपाय हलते ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली की या पाचही एकदम जातात. माणसाला एकेक गोष्ट दुसरीकडून मिळवता येते. पाची एकट्याने जमवणं फार थोड्यांना साधतं. नोकरी कंटाळवाणी असली, मालक चांगला नसला, तरी हे खरं राहतं, असं तिचं म्हणणं. यावर टीका झाली आहे. वाईट नोकरीही माणसाला पोखरते, आणि बेकारीतली दैना मुख्यतः पैशाच्या अभावाचीच असते, असं काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. त्या शिलिंगांच्या हिशेबाकडे पाहिलं तर त्यांच्या म्हणण्यातही जोर आहे.

याहोदाचं ते पुस्तक आलं त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, 18 जानेवारी 1982 ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावात आणि मारीएनतालात एक मोठा फरक होता: बहुतेक कामगारांना कोकणात किंवा घाटावर गाव होतं, आणि कितीतरी जण तिकडे परतले. त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या खानावळी मात्र मुंबईतच होत्या. त्या चालवणाऱ्या बायकांची प्रेमा पुरव यांनी 1975 पासून अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली होती. जेवायला येणारेच निघून गेले, तेव्हा या बायकांचाही रोजगार बसला, पण त्यांचं नाव संपकऱ्यांच्या यादीत नव्हतं. बेकारांची मोजदाद करताना बायका सुटतात ही मारीएनतालची शिकवण इथेही लागू पडते.

माणसाला भत्त्यापेक्षा काम द्यावं हा विचार महाराष्ट्राने कायद्यात उतरवला आहे. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना, तिचा 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून त्याचा अंमल. मागेल त्याला काम हा त्याचा गाभा. तो दुष्काळी शेतमजुरांसाठी होता आणि मातीकामाचा होता, त्यामुळे बंद पडलेल्या कारखान्यातल्या माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

खुद्द मारीएनतालात तसा प्रयोग व्हायला 2020 साल उजाडलं. लोअर ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्याने ऑक्टोबरमध्ये ग्रामाटनॉयझीडलमधल्या दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी दिली. आधी काही आठवड्यांचं प्रशिक्षण, मग पगाराची नोकरी. खासगी मालकाकडे जमलं तर सरकारी अनुदानावर, नाही तर गावासाठी सुतारकाम, बागकाम, दुरुस्ती अशी कामं. सक्ती नव्हती. मॅक्सिमिलियान कासी आणि लुकास लेनर या ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचं मूल्यमापन केलं. काहींना आधी आणि काहींना नंतर, असं चिठ्ठ्या टाकून सामावून घेतलं, शिवाय तशाच इतर गावांशी तुलना केली. त्यांच्या प्रश्नावलीत याहोदाच्या पाची गोष्टी होत्या. उत्पन्न आणि आर्थिक निश्चिंती वाढली, दिवसाला घडी आली, माणसांशी संबंध वाढले, समाजात किंमत आहे असं वाटू लागलं, आणि गावातली दीर्घकाळची बेकारी जवळजवळ संपली. शरीराच्या प्रकृतीत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही. जे वर्षानुवर्षं खचलं होतं ते इतक्या थोड्या काळात भरून यावं ही अपेक्षाही जास्तच होती.